पोमार म्हणजे पोमार

पैसे आधीच घेतले होते, म्हणून जास्त झोंबलं. फ्रान्समधल्या बोन गावात, म्हणजे बरगंडी वाइनच्या ऐन पेठेत, एका तळघरात आम्ही चव घ्यायला उभे होतो. शेजारच्या जोडप्याच्या ग्लासात बाईंनी चांगली दोन बोटं ओतली. माझ्या ग्लासाचा नुसता तळ ओला केला. मी ग्लास पुढे धरूनच ठेवला, तर बाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेल्या.

"हे द्राक्ष कोणतं?" मी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"हे पोमार आहे, मॉस्यू."

"पोमार गाव झालं. द्राक्ष?"

बाई ऐकेनात. ऐकलं ते कोपऱ्यातल्या आजोबांनी. अंगात कॉर्डरॉयचा कोट, काखेत कुत्रं. "लाल असेल तर पिनो न्वार, पांढरी असेल तर शार्दोने. बाटलीवर कशाला लिहायचं?" मग त्यांनी ग्लासात इतकं नाक खुपसलं की चष्मा काचेवर टक्कन वाजला. "ओली पानं," ते म्हणाले आणि ग्लास कुत्र्यापुढे धरला. कुत्र्याने तोंड फिरवलं. "ह्याला कोट द न्वीची लागते. बोनच्या उत्तरेच्या डोंगरउतारावरची. तिथे जवळजवळ सगळी लालच. नामांकित पांढऱ्या इथे, कोट द बोनमध्ये."

"मग कोर्तोंच्या टेकडीवर लाल आणि पांढरी दोन्ही कशा?"

"शार्लमेन बादशहामुळे! लाल वाइन पिऊन त्याची पांढरी दाढी रंगायची. बायको वैतागली, म्हणाली पांढरी द्राक्षं लाव."

"हे खरं आहे?"

"तुमचं लग्न झालंय ना?" आजोबांनी विचारलं. कुत्रंही माझ्याकडेच बघत होतं.

द्राक्षं मुळात मोजकी, हे मान्य. १३९५ साली बरगंडीच्या ड्यूक फिलिपने गामे नावाच्या लाल द्राक्षाला बेइमान ठरवून उपटून टाकायचा हुकूम काढला होता. म्हणजे आता सोपं व्हायला हवं. पण नाही, इथे द्राक्ष नाही, जमिनीचा तुकडा विकतात. असे १,२४७ तुकडे २०१५ साली युनेस्कोच्या यादीत गेले. क्लो द वूजो या द्राक्षमळ्याची एकच कुंपणभिंत, आत सुमारे पन्नास हेक्टर आणि मालक ऐंशीच्या आसपास. नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा दिला आणि कोकणातल्या सामाईक आंबराईसारखी गत झाली. भिंतीच्या आतली सगळी 'ग्रां क्रू'च, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची. वरच्या उतारावरची आणि खाली रस्त्याकाठच्या ओलसर मातीतली, दोघींच्या लेबलावर तोच मान. कुणाच्या हातची घ्यायची ते गिऱ्हाइकाने ओळखायचं!

त्यात गावांची चलाखी. मोंराशे हे नावाजलेलं शेत प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांत विभागलेलं. १८७९ साली दोघांनीही ते नाव आपल्या नावाला जोडून टाकलं. आता गावातली साधी बाटली घेतली तरी तोंडात मोंराशे येतं, ग्लासात येत नाही.

शेवटी पांढरी आली. लालनंतर पांढरी, इथली रीतच तशी म्हणे. मर्सो गावची होती. पुन्हा तळच ओला, आणि बाईंनी थुंकायच्या भांड्याकडे बोट दाखवलं. काय थुंकू? होतं ते जिभेवरच जिरलं. चव छान होती, हा आणखी एक ताप.

आजोबांचा ग्लास न मागता पुन्हा भरला गेला. कुत्र्याला बिस्किट मिळालं. मला दरपत्रक मिळालं.