मालिश आणि कपाशीचा वेचा

लेख पटला. ऑटिझमच्या लेकरांसाठी मालिश, योग, झोके यांचीही औषधासारखीच रीतसर चाचणी घ्या, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण घ्यायची कशी? गोळी असली की तशीच दिसणारी, औषध नसलेली खोटी गोळी देता येते. खोटी मालिश कशी करणार? आईला माहीत असतंच, आणि "फरक पडला का?" असं तिलाच विचारलं तर ती हो म्हणणारच.

मीही हो म्हणते. माझा पोरगा सात वर्षांचा आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. रात्री जवसाचं तेल कोमट करून तळपायाला लावते. आधी पाय ओढून घ्यायचा, आता बाजेवर बसून स्वतःच पाय पुढे करतो आणि झोपतोही लवकर. पण त्याच महिन्यात मी मोबाईलही बंद केला होता. मग गुण तेलाचा की कशाचा? सांगता येत नाही बाप्पा.

1999 साली अमेरिकेत ऑटिझमच्या मुलांवर सिक्रेटिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनची चाचणी झाली. निम्म्या मुलांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तर सुधारणा दोन्हीकडे सारखीच दिसली! म्हणून तपासणाऱ्याला कोणत्या मुलाला काय दिलं ते कळू देऊ नका, एवढं तरी व्हावं.

अजून एक. थेरपीसाठी नागपूरला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, पोरगं हॉर्नला कान दाबून रडतं, आणि वेच्याच्या दिवसांत माझी मजुरी बुडते. चाचणीत हा खर्चही मोजा. घरी आईला शिकवून जमणारी पद्धत असेल, तर ती आधी तपासा.