एक दिवस, एक खोरे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाशिकच्या वायनरींवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि जे पटले नाही ते मोकळेपणाने कळवलेत, याबद्दल मनापासून आभार. आपला मुख्य आक्षेप असा, की ‘एका दिवसात एकच खोरे आणि दोनच वायनरी’ हा माझा बेत नाशिकच्या माणसाला ठीक आहे, पण ठाण्याहून पहाटे निघणाऱ्या कुटुंबाला तो परवडणारा नाही. आपण स्वतः गंगापूर, दिंडोरी आणि इगतपुरी मिळून पाच ठिकाणे एका दिवसात पाहिलीत. शिवाय गाडी चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये हा माझा आग्रह आपल्याला अतिरेकी वाटला, कारण चाखायला मिळते ते जेमतेम दोन घोट.

आधी त्या दोन घोटांचा हिशेब करू. एका बैठकीत साधारण पाच-सहा वाईन चाखायला देतात. प्रत्येकीचे 30 मिलिलिटर धरले, तरी एका ठिकाणी 150 ते 180 मिलिलिटर होतात आणि पाच ठिकाणी मिळून 750 ते 900. वाईनची अख्खी बाटली 750 मिलिलिटरची असते. म्हणजे दोन-दोन घोट म्हणता म्हणता दिवसाअखेरी माणशी एक बाटली पोटात गेलेली असते, तीही बहुतेक वेळा जेवणाची वेळ टळून गेल्यावर. मोटार वाहन कायद्यातील मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्य इतकीच आहे, आणि ती ओलांडली तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाचे सोडा, परतीच्या वाटेवर कसारा घाट असतो आणि मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात. या बाबतीत मी लेखातला एक शब्दही मागे घेणार नाही. चालक ठेवावा, नाहीतर घरातल्या एकाने त्या दिवशी वाईनला हात लावू नये. बाकीच्यांनीही तोंडातली वाईन टाकण्यासाठी ठेवलेले भांडे निःसंकोच वापरावे. वाईन बनवणारी माणसे कामाच्या वेळी तेच करतात.

आता पाच ठिकाणांविषयी. आपल्या प्रतिक्रियेत कुठून किती वाजता निघालात हे सगळे आहे, पण कोणती वाईन कशी लागली हे कुठेच नाही. हे टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही, कारण माझेही एकदा अगदी तसेच झाले आहे. मावसभाऊ आणि वहिनी आले असताना मी हौसेने चार ठिकाणे ठरवली. दोन ठिकाणच्या शिराझ आणि कॅबर्ने या लाल वाईननंतर जिभेवर नुसता तुरटपणा साचला, तिसऱ्या ठिकाणी सगळे ग्लास एकसारखे लागले, आणि चौथ्या ठिकाणी तर तोडणीचा दिवस असल्याने फाटकावरूनच परत फिरावे लागले, जरी फोनवर ‘या’ असे सांगितले होते.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत गंगापूरकडच्या एकाच वायनरीत आम्ही सकाळचे दोन तास थांबलो. पहाटेच्या गारव्यात तोडलेल्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षांचे क्रेट ट्रॉलीतून उतरत होते. तिथल्या एका मुलाने द्राक्षाचा मणी चिमटीत दाबला, आतली बी माझ्या तळहातावर ठेवली आणि चावून पाहायला सांगितली. ती तपकिरी झाली होती आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरली. हिरवी बी कडू लागते, आणि तशी लागली तर तोडणी अजून थांबवायची. मग त्याने रिफ्रॅक्टोमीटर या रसातली साखर मोजणाऱ्या उपकरणाच्या काचेवर रसाचा थेंब टाकून ते उपकरण माझ्या डोळ्याला लावले, तेव्हा रेघ 22 ब्रिक्सवर, म्हणजे साधारण 22 टक्के साखरेवर होती. टाकीतला आंबत असलेला रस गढूळ होता आणि त्याला पिकलेल्या पेरूचा वास येत होता. पुढे टेबलावर आदल्या वर्षीची शेनिन आली, तेव्हा तोच पेरू मला ग्लासात सापडला. दिवसाला पाच ठिकाणे गाठायची असती, तर आम्ही त्या क्रेटांपाशी थांबलोच नसतो. हे दृश्यही साधारण जानेवारी ते मार्चमध्येच मिळते, कारण आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी) होऊन फळ हिवाळ्यात पिकते. मे महिन्यात गेलात तर वेलीवर घड नसतात.

मात्र अंतराबद्दल आपण जे लिहिलेत ते पूर्णपणे बरोबर आहे, आणि ती माझीच चूक आहे. मी नाशिकच्या घरात बसून बेत आखला आणि गोदावरीच्या खोऱ्यातील गंगापूरला अग्रस्थान दिले. सुला, यॉर्क आणि सोमा या वायनरी तिथे एकाच पट्ट्यात आहेत. सुलाची पहिली लागवड 1997 ची आणि पहिली वाईन 2000 ची, त्यामुळे गर्दीचा ओघही तिकडेच असतो. पण तो पट्टा मुक्कामाला येणाऱ्यांसाठी. ठाण्याहून एका दिवसात जाऊन यायचे, तर आपल्या वाटेवरचे खोरे दारणेचे आहे. कावनईला व्हॅलोन ही वायनरी आहे, संजेगावला ग्रोव्हर झांपा आहे, दोन्ही इगतपुरी तालुक्यातच, आणि जून 2025 पासून समृद्धी महामार्गही भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला आहे. कादवेच्या खोऱ्यातील दिंडोरी मात्र वेगळ्या फेरीसाठी राखून ठेवावी. गोदावरी, दारणा आणि कादवा यांचे पाणी नांदूरमधमेश्वरला एकत्र येते खरे, पण त्यांची तिन्ही खोरी एका दिवसात जोडायला गेलात, तर अर्धा दिवस महामार्गावरच जातो. लेखात ही दुरुस्ती मी आजच केली आहे.

पुढच्या फेरीसाठी माझी सूचना अशी : दोन्ही ठिकाणी आधी फोन करून वेळ पक्की करावी, त्या दिवशी ड्राय डे नाही याची खात्री करावी, आणि सोबत 21 वर्षांखालील कोणी असेल तर त्याला चाखता येणार नाही हे घरीच सांगून ठेवावे. सकाळी अकराला कावनईत पहिली बैठक, आधी पांढऱ्या आणि मग लाल वाईन. मग तिथेच मुकणे धरणाच्या बाजूला सावकाश जेवण. तीनच्या सुमारास संजेगाव, आणि उजेड असतानाच परतीचा रस्ता. बाटली घ्यायची असेल तर शेवटच्या ठिकाणी घ्यावी, कारण उन्हात उभ्या असलेल्या गाडीत चार तास राहिलेली वाईन घरी पोचेपर्यंत बिघडू शकते.