मेंढ्यांना काही टाकू नका हो!

कितीदा सांगायचं? कुंपणाशी येणारा प्रत्येक जण मेंढ्यांपुढे काही ना काही टाकतोच. शिळं अन्न, ओंजळभर धान्य, उरलेलं पीठ. वर मलाच ऐकवतात, "मुकं जनावर आहे, खाऊ दे की!" अहो, मुकं आहे म्हणूनच पोट दुखतंय हे त्याला सांगता येत नाही! मेंढीचं पोट चाऱ्याचं आहे. एकदम जास्त धान्य गेलं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ करणं थांबतं, पोट फुगतं. मग ती कान पाडून, दात खात कोपऱ्यात उभी राहते. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जीव जातो. गाभण असेल तर पोटातलं कोकरूही. पाच महिन्यांची जपणूक मातीत!

गाईंचं खाद्य आणून देणारे तर आणखी वेगळे. त्यातलं तांबं गाईला चालतं, मेंढीच्या यकृतात मात्र साठत जातं आणि विषबाधा होते. आधी विचारा ना!

फाटकावर ठळक अक्षरांत पाटी आहे. ती वाचतात आणि तिच्याखालूनच हात आत घालतात. एवढी माया असेल तर जाताना कडी नीट लावा.