इयर ट्वेल्व्ह म्हणजे विश्रांतीचं वर्ष नव्हे

इंग्लंडमध्ये आपल्या दहावीसारखी जीसीएसई परीक्षा झाली की दोन वर्षांचं ए-लेव्हल असतं; त्याचं पहिलं वर्ष म्हणजे इयर ट्वेल्व्ह, आपली अकरावी. ‘जीसीएसईला नऊ-दहा विषय होते, ए-लेव्हलला तीनच, म्हणून पहिलं वर्ष मुलांना सैल सोडा’ हे ए-लेव्हलविषयीच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलची परीक्षा दोन वर्षांनी असली, तरी विद्यापीठाच्या अर्जात जाणारे अपेक्षित ग्रेड शाळा बहुधा इयर ट्वेल्व्हच्या कामावरूनच ठरवते. मेडिसिन, ऑक्सफर्ड, केंब्रिजचे अर्ज तर पुढच्या १५ ऑक्टोबरपर्यंत जातात. अकरावी म्हणजे दम खायचं वर्ष, ही समजूत आम्ही पुण्याहून सोबत आणली आणि ती लेकीला महागात पडली.

जीसीएसईला गणितात ८ ग्रेड (सर्वोच्च ९) मिळवलेली मुलगी ए-लेव्हलच्या पहिल्याच चाचणीत डी ग्रेड घेऊन आली. ‘तीन विषय, तेही जमत नाहीत?’ असं मी तिला बोललो, त्याचं अजून वाईट वाटतं. तिला अडचण मोकळ्या तासांची, म्हणजे शाळेत वर्ग नसलेल्या तासांची होती. त्या वेळात काय करायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. धाकट्याच्या वेळी आम्ही दर रविवारी वेळापत्रक घेऊन बसलो आणि कुठल्या मोकळ्या तासात काय करायचं ते त्यालाच लिहायला लावलं. सप्टेंबरअखेर त्याने फिजिक्स सोडून जिओग्राफी घेतली. पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलता येतो का, हे शाळेला लगेच विचारा. लेखात त्याचा उल्लेखही नाही.