तो डूख धरून बसलाय!

मुलगी शिकायला परगावी गेली आणि जाताना आपला बॉल पायथन, म्हणजे पाळलेला छोटा अजगर, आमच्या गळ्यात घालून गेली. तसा तीन-साडेतीन फुटांचा, बिनविषारी आणि कमालीचा भित्रा. घाबरला की डोकं आत खुपसून स्वतःचाच चेंडू करतो, त्यावरूनच ते 'बॉल' पडलंय. एवढी भीती मलाही वाटत होती, पण मला चेंडू होता येत नाही.

पहिल्या आठवड्यात मी त्याच्या काचेच्या पेटीसमोर बसून त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. बघू, आधी कोणाची पापणी लवते! पाचच मिनिटांत माझ्या डोळ्यांतून धारा. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, झोपतो तो तसाच." म्हणजे मी ज्याच्याशी हरलो तो बहुधा झोपेत होता.

मग त्याने काचेवर नाक घासायला सुरुवात केली. रात्र रात्र तेच. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मधेच कोपऱ्यात उभा राहून वरच्या जाळीला ढुशी. सकाळी बघावं तर काचेवर बरोबर नाकाच्या उंचीवर धुरकट पट्टा. मी म्हटलं, पोरीची आठवण येतेय. बायको म्हणाली, "कसली आठवण? तुमच्यावर डूख धरलाय त्याने." तिसऱ्या दिवशी तो पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसला. हा निषेध असणार, असं आमचं एकमत झालं. लग्नानंतर असे प्रसंग फार आले नाहीत.

लेकीला कळवलं. ती म्हणाली, "बाबा, तो रुसला नाहीये. पुढचं दिसतंय आणि जाता येत नाही, एवढंच. पण काहीतरी नकोसं झाल्याशिवाय तो एवढा फिरायचा नाही. तापमान बघा आधी."

उबदार बाजूला ३२ अंशांच्या आसपास हवं, गार बाजूला २६च्या. होतं ३७. पाण्याचं भांडं विसळताना मीच थर्मोस्टॅटची तार ओढून सेन्सर गार कोपऱ्यात टाकला होता. थर्मोस्टॅट बिचारा गार कोपरा मोजत होता आणि तिकडे हीटर जीव तोडून तापत होता. जनावर शिजत होतं आणि आम्ही त्याचा स्वभाव अभ्यासत होतो!

"आणि गार बाजूचं बीळ कुठंय?" तेही मीच काढलं होतं, नीट दिसावा म्हणून. ऊब हवी तर लपायचं, गारवा हवा तर उघड्यावर पडायचं, अशी निवड सापाला नको असते. दोन्हीकडे आडोसा लागतो. 'आयत्या बिळात नागोबा' शाळेपासून ऐकतोय, नागोबाला बिळं दोन लागतात हे कुठल्याच गुरुजींनी सांगितलं नव्हतं. बीळ परत ठेवलं, तिन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून कागद लावला. दुसऱ्या रात्रीपासून नाक घासणं बंद.

सुख आठवडाभर टिकलं. मग डोळे दुधाळ निळे झाले आणि जेवण बंद. मी म्हटलं, मोतीबिंदू. लेकीने आता हसणंही सोडलंय. "कात टाकणार आहे. दिसत नसतं नीट, त्यात चिडका असतो. उचलू नका." जेवणाचं म्हणाल तर धडधाकट बॉल पायथनही महिनोन्महिने उपाशी राहतो. वजन घटत नाही ना, तेवढं बघायचं. ते बघायला मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. तो काटा आता कायमचा बाहेरच्या खोलीत राहतो.

चार-पाच दिवसांनी डोळे निवळले, त्यानंतर दोन-तीन दिवसांत एका रात्री कात पडली. अखंड, घाईत काढलेल्या मोज्यासारखी आतली बाहेर झालेली. आजवर काचेच्या चार हात लांब राहणाऱ्या बायकोने ती चिमटीत धरून खिडकीपाशी नेली. "अहो, डोळ्यांच्या टिकल्यासुद्धा आल्यात बघा!" दोन्ही आल्या असतील तर काम चोख झालं. मग तिने ती डब्यात जपून ठेवली.

त्यानंतर साप दिसेनासा झाला. जिवंत आहे ना, या काळजीने परवा रात्री मी पेटीसमोर गुडघ्यांवर बसलो. पुढच्या काचेला नाक लावून डावीकडून बघतोय, उजवीकडून बघतोय, पुन्हा डावीकडून. बिळाच्या तोंडाशी जीभ लवली. जिवंत होता.

पाठीमागून बायको म्हणाली, "अहो, गरम होतंय का? की दुसरं बीळ आणून देऊ?"