ठिपके मोजणारा माणूस

निळ्या टँगच्या शेपटीजवळ मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसला, की खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्याचं नाक काचेला चिकटतं ते चिकटतंच. मी मोजायला लागतो. एक, दोन, ती... टँग वळतो. दुसऱ्या अंगाला ठिपके वेगळेच. त्यातला एक वर तरंगत जातो, म्हणजे तो बुडबुडा. एक काचेवरचा.

मोजून झालं तरी रोग कळतोच असं नाही. सुटे, ठसठशीत कण असतील आणि मासा खडकाला अंग घासत असेल, तर बहुधा इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसली तर व्हेल्व्हेट, आणि तो महाडॅंबिस. आधी कल्ल्यांत शिरतो, मासा धापा टाकत पंपाच्या झोतासमोर उभा राहतो आणि भुकटी दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. ती बघायची तर अंधारात टॉर्च तिरका धरून. त्यामुळे मध्यरात्री टॉर्च घेऊन स्वतःच्याच घरात चोरपावलांनी फिरणारा गृहस्थ म्हणून माझी ख्याती आहे. “मासे झोपलेत, तूही झोप,” असं बायको आतून सांगते. क्लाउनफिशच्या अंगावर पांढुरका बुळबुळीत थर चढला, की ब्रूक नावाच्या परजीवीचा संशय. आणि फ्लूक, म्हणजे माशाला चिकटणारे चपटे किडे? ते पारदर्शक असतात. त्यांना पाहायचं तर मासा पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडवायचा (तापमान आणि पीएच जुळवून, नाहीतर मासाच जायचा). मग ते पांढरे पडून तळाशी गळतात.

पण त्यासाठी आधी मासा पकडावा लागतो. खायला घालताना हाताशी येणारा हा प्राणी जाळी दिसताच खडकाच्या अशा फटीत शिरतो, जी फट मी टाकी रचताना ठेवलीच नव्हती. दोन जाळ्या, दोन माणसं, तीन मतं. शेवटी सगळे खडक उपसावे लागतात, पाणी गढूळ होतं, श्रिंप जाळीत येतो, खेकडा येतो, टँग सोडून सगळे येतात.

एवढं होईपर्यंत ठिपके गायब! इथेच खरी गंमत आहे. इकचा जीव माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस खातो-पितो आणि आपणहून उतरून वाळूत कवच करून बसतो. त्या आठवड्यात ज्यानं जे केलं, त्यानं मासा बरा झाला! मी पाणी बदललं होतं. मित्रानं खाण्यावर लसणाचा रस घालायला सांगितला होता. बायकोनं माशाला नुसतं तसंच राहू द्यायला सांगितलं होतं, आणि तिघांत तिचं म्हणणं निदान स्वस्त होतं. श्रेयाची वाटणी चालू असताना वाळूतलं एकेक कवच फुटून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. दुसऱ्या खेपेला ठिपके मोजायची गरज राहत नाही.

मग कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध. ते मुख्य टाकीत घालता येत नाही. श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळ्यांचा निकाल लागतो. म्हणून वेगळी उघडीबोडकी टाकी, लपायला प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे. साध्या आयॉनिक कॉपरचं प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम. खाली गेलं तर परजीवी खूश, वर गेलं तर मासा बेजार. टेस्ट किटमधला निळा रंग ‘हा’ की ‘त्याच्या शेजारचा’ यावर घरात मतदान होतं. क्षारता (विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) १.००९ पर्यंत उतरवूनही इक मरतो, व्हेल्व्हेट मात्र हसतो. त्यामुळे निदान चुकलं तर सगळाच व्यायाम.

तिकडे मुख्य टाकी माशांविना ठेवायची, म्हणजे वाळूतून निघणारी पिल्लं मासा न मिळाल्यानं मरतात. एखादं कवच फुटायला ७२ दिवसही लागू शकतात, म्हणून जाणकार ७६ दिवस सांगतात. या काळात मी रिकाम्या टाकीचे दिवे लावतो, काच पुसतो, क्षारता मोजतो. पाहुणे येतात, बराच वेळ टक लावून बसतात आणि हळूच विचारतात, “कुठला मासा आहे?” मी म्हणतो, “सध्या कुठलाच नाही.” ते समजूतदारपणे मान हलवतात आणि बायकोकडे बघतात.

मुदत संपली त्या दिवशी लसूणवाला मित्र आला. हातात पाण्यानं फुगलेली पिशवी, आत एक सुंदर पिवळा टँग. “अगदी ठणठणीत आहे रे, सोड थेट!”

मी पाइपचे तुकडे धुवायला घेतले.