"टाके न घालताच बोका परत दिला" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम, मी डॉक्टर स्वतः लिहितेय, रिसेप्शनवरून कोणी नाही. आम्ही शनिवारी केलेल्या बोक्याच्या नसबंदीवरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगते, सुरुवातीला रागच आला, "टाके घातले नाहीत, गोट्या तशाच दिसतायत, काही न करता पैसे उकळले" वगैरे. पण मग खाली आले तर तुम्ही लिहिलंय की रविवारी संध्याकाळी पाच वेळा फोन केला, कोणी उचलला नाही, बोका कण्हत होता म्हणून शेजारच्या काकूंनी सांगितलं तशी पाव क्रोसिन पाण्यात विरघळवली आणि तोंडात घालणार तेवढ्यात मुलीने मोबाईलवर बघून थांबवलं. हातपाय गार पडले माझे, राग गेला कुठच्या कुठे.

तुमच्या मुलीने त्या दिवशी बोक्याचा जीव वाचवला. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतेच, औषधाचं विष होतं, रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. चार किलोच्या मांजराला पाव गोळीसुद्धा घातक ठरू शकते. क्रोसिन नाही, डोलो नाही, कॉम्बिफ्लाम तर अजिबात नाही. इतर कोणी हे वाचत असेल तर प्लीज एवढं तरी लक्षात ठेवा.

आणि ती वेळ तुमच्यावर आमच्यामुळे आली. रविवारी आम्ही एक वाजता बंद करतो आणि क्लिनिकचा मोबाईल आत चार्जिंगलाच राहिला, कारण एवढंच. शनिवारी ऑपरेशन केलेलं जनावर घरी पाठवायचं आणि रविवारी फोन बंद, हे चुकलंच, सॉरी. आता तो फोन सुट्टीच्या दिवशी माझ्या घरी असतो.

आता टाक्यांचं. बोक्याच्या नसबंदीत अंडकोषाच्या पिशवीवर दोन बारीक चिरा देतात, अंडकोष काढून घेतात, आत शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिनी गाठ मारून बंद करतात आणि बाहेरची चीर बहुतेक वेळा तशीच सोडतात, ती आपली आपण मिटते. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले तेव्हापासून असंच करतेय. मांजरीचं वेगळं, तिचं पोट उघडावं लागतं म्हणून टाके येतात, तुमच्या मैत्रिणीच्या मांजरीला होते ते त्यामुळे. आणि पिशवी रिकामी झाली तरी काही दिवस सुजून भरलेली दिसते, त्यामुळे "काढलंच नाही" असं वाटणारे तुम्ही पहिल्या नाही, एकजण तर रात्री साडेदहाला फोटो पाठवून विचारत होते 😄

डोळ्यांत पू होता असंही लिहिलंय तुम्ही, तो पू नव्हता, मलम होतं. केटामिनच्या भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात, पापणी लवत नाही, कोरडे पडू नयेत म्हणून आम्ही ते घालतो. लटपटत चालणं पण भुलीचंच, दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकतं. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन दिलेलं, पण ते साधारण एक दिवस पुरतं आणि पुढच्या दिवसाचं औषध लिहून द्यायला हवं होतं, ते राहिलं. हे सगळं मी तुम्हाला दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगितलं, तेव्हा तुमचं लक्ष पिंजऱ्यात आणि माझं पुढच्या पेशंटकडे. आता एका कागदावर मराठीत छापून घेतलंय, सोबत देतो.

पैशाचं म्हणाल तर फोनवर 3500 सांगितले आणि बिल 4300 झालं, वरचे 800 भूल देण्याआधीच्या रक्ततपासणीचे. ते परत करणार नाही कारण तपासणी झालीय, रिपोर्ट तुमच्याकडे आहे. सही घेतलेल्या फॉर्मवर लिहिलेलं होतं, पण फॉर्म कोण वाचतं, मी पण बँकेत वाचत नाही. फोनवरच 4300 सांगायला हवे होते, हे मान्य.

एक राहिलं, "अजून पडद्यावर लघवी शिंपडतोय" लिहिलंय तुम्ही. हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, आणि सवय मुरलेली असेल तर थोडी राहतेही, त्याची गॅरंटी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. महिना-दीड महिना बाहेर सोडू नका, तेवढ्या काळात तो अजून पिल्लं देऊ शकतो. जखम मिटेपर्यंत ट्रेमध्ये वाळूऐवजी फाडलेले पेपर घाला, वाळूची कच आत जाते. जखम सारखी चाटत असेल तर चाटता येऊ नये म्हणून गळ्यात कॉलर लावू, ती त्याच दिवशी द्यायला हवी होती.

बुधवारी संध्याकाळी दाखवायला घेऊन या, फी नाही. फक्त यावेळी कापडी पिशवीतून नको, मागच्या वेळी रिक्षातून उतरताना सुटता सुटता राहिला होता, पिंजरा नसेल तर आमचा एक घेऊन जा.